गेटवेवरून संध्याकाळची बोट: आई-बाबांना सूर्यास्त दाखवायचा आहे, कोणती बोट, किती वाजता?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. आई-बाबा सोलापूरहून मार्गशीर्षात आठ-दहा दिवस आमच्याकडे येतायत. लग्नाला ४० वर्षं झाली. दोघांनीही आजवर बोटीत पाय ठेवलेला नाही. हॉटेलात जेवायला नेलं तर बाबा भाजीचा दर विचारून सगळ्यांचा घास अडकवतात, म्हणून म्हटलं, बोटीतून सूर्यास्त दाखवावा. दत्तजयंतीची संध्याकाळ डोक्यात आहे, मला सुट्टी मिळतेय.

प्रश्न असे: सूर्य समुद्रात बुडताना दिसेल अशी जागा बोटीत कुठली? किती वाजता पोचावं? बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, काठी नाही पण जिना नको म्हणतात. आईला गाडी लागते, बोट लागेल का?

कुर्ल्यात अकरा वर्षं राहून मी स्वतः एकदाच घारापुरीला गेलेय, तेही शाळेच्या मुलांना घेऊन. तेव्हा मुलं मोजण्यातच सगळा वेळ गेला. तेव्हा अनुभवी लोकांनी सांगा.

फिरस्ता
साडेपाचला पोचा, धक्क्यावर तिकीट मिळतं, वरच्या डेकचे वेगळे पैसे देऊन वर बसा. सूर्य बुडताना मस्त दिसतो. धमाल करा!

खडूस_काका
फिरस्ता, तुम्ही शेवटचे गेटवेला कधी गेला होतात? गेटवेचं तोंड पूर्वेला आहे हो. समोर घारापुरी, पलीकडे उरण. सूर्य उगवतो तिकडून. मावळतो तो तुमच्या पाठीमागे, ताजच्याही मागे, पार नरिमन पॉइंटपलीकडे.

फिरस्ता
काका, फोटो आहेत माझ्याकडे. सूर्य आहे, पाणी आहे.

खडूस_काका
आणि मध्ये इमारती आहेत का नाहीत?

फिरस्ता
...आहेत.

सोनचाफा
अगं बाई! म्हणजे समुद्रात बुडणारा सूर्य गेटवेवरून दिसतच नाही? मग लोक तिथे 'सनसेट क्रूझ' म्हणून जातात ते कशाला?

प्रकाशछाया
जातात ते शहरामागे मावळणारा सूर्य बघायला, आणि तो समुद्रात बुडणाऱ्यापेक्षा कमी नाही. पाण्यात बुडणारा हवा असेल तर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा, फुकट आहे.

गेली काही वर्षं कॅमेरा घेऊन बंदरात फिरतोय, त्या जोरावर सांगतो.

डिसेंबरात सूर्य अगदी पश्चिमेला मावळत नाही, नैर्ऋत्येकडे बराच सरकलेला असतो. घारापुरीकडून गेटवेकडे यायची दिशाही साधारण तीच. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला घारापुरीहून परतणाऱ्या बोटीत तुम्ही सूर्याच्या नाकासमोर येत असता. समोर गेटवेची काळी कमान, शेजारी ताजचा घुमट, मागे तांबडं. मे महिन्यात हीच बोट घ्या, सूर्य उजवीकडे वायव्येला गेलेला असतो, चित्र पार बदलतं.

दोन सूचना. एक, संध्याकाळी गेटवेची समुद्राकडची बाजू सावलीत असते. त्या पिवळसर दगडाचा रंग हवा असेल तर सकाळी जा, संध्याकाळी फक्त आकृती मिळते. दोन, हिवाळ्यात मुंबईवर धुरकं असतं. पुष्कळदा सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच गुळाच्या खड्यासारखा विरघळतो. अपेक्षा बेताची ठेवा. खरी मजा त्यानंतरच्या वीस मिनिटांत असते, आकाश निळं होतं आणि शहरात एकेक दिवा लागतो. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही. तेवढ्यात बोट धक्क्याला लागलेली नसावी, एवढं बघा.

निवांत_पुणेकर
वाचनखूण साठवली आहे.

मी_माझी_बोट_आणि_दलाल
मुद्दाम हाच आयडी काढलाय या धाग्यासाठी. :)

गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेर धक्क्यावर एकाने "सनसेट राइड, सनसेट राइड" ओरडत तिकिटं गळ्यात मारली. अर्ध्या तासाची फेरी. सव्वापाचला सुटली, पावणेसहाला परत धक्क्यावर. सूर्यास्त ६ ला! आम्ही फुटपाथवर उभं राहून ताजच्या मागचं आकाश बघितलं, शेजारी तोच माणूस पुढच्या गिऱ्हाइकाला तेच ओरडून सांगत होता.

तेव्हा 'किती वाजता सुटते' विचारू नका, 'किती वाजता परत येते' विचारा. नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत सूर्य ६ च्या आसपास मावळतो, फेब्रुवारीच्या मध्यावर साडेसहा उलटून, जूनच्या शेवटाला सव्वासात उलटून. बोटीचं वेळापत्रक सूर्य बघून कोणी लावत नाही.

गोदीकर
धागा वाचतोय. ३४ वर्षं गोदीत काढली, म्हणून दोन शब्द.

सोनचाफाताई, तुम्ही दत्तजयंती म्हणताय. म्हणजे पौर्णिमा. तुमच्या वडिलांचा गुडघा दुखतो. हे दोन एकत्र बसत नाहीत.

हिशोब सोपा आहे, पूर्वी सगळ्या किनाऱ्याला यायचा. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी: आठाचे पाऊण सहा, म्हणजे ६ वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्या: पंधराचे पाऊण सव्वाअकरा. मुंबईत तेव्हा प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी ६ ला समुद्र तळाला गेलेला. त्यातही ते उधाणाचे दिवस, भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. एक मजलाभर समजा.

गेटवेच्या धक्क्याला दगडी पायऱ्या आहेत. भरतीला दोन-चार पायऱ्या उतरलं की बोट. पौर्णिमेच्या संध्याकाळी त्याच पायऱ्या पार खालपर्यंत उघड्या पडतात आणि खालच्यांवर शेवाळ असतं. तरण्या माणसाचाही पाय सरकतो. गर्दी असली की बोटी एकीला एक लावून उभ्या असतात, एकीतून दुसरीत पाय टाकत जावं लागतं.

अष्टमी-नवमीला जा. पाणी वर असतं.

तांडेलाची_लेक
गोदीकर काका, अगदी! आमच्या आजीला घड्याळ कळत नव्हतं पण पाऊणपट तोंडपाठ. 😄

आम्ही करंज्याचे. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान होते, आता भाऊ बोट बघतो. गेटवेला आमच्यात अजून पालवाच म्हणतात, अपोलो बंदर हे त्याचंच साहेबी रूप.

चढण्याबद्दल माझ्याकडून, कारण लोक इथेच पडतात:

खलाशी हात पुढे करतो तेव्हा बोटं धरू नका. त्याचं मनगट तुम्ही धरायचं, तुमचं तो धरतो. बोटं घामाने सुटतात, मनगट सुटत नाही. बोट लाटेवर वर-खाली होत असते. खाली जाताना पाऊल टाकलं की तोल गेलाच. वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा टाकायचं. खलाशी "आता" म्हणतो त्याला अर्थ असतो, फोनवर बोलत चढू नका. चांगला पाय आधी बोटीत, दुखरा मागून. आणि दुसऱ्या हातात पिशवी नको. आमच्या बाबांचं म्हणणं, दर्यात एक हात मानसाचा, एक बोटीचा.

आई खालच्या डेकवर मधोमध बसू देत. बोट मध्ये सगळ्यात कमी हलते. मागे डिझेलचा वास येतो, मळमळ असेल तर मागे अजिबात नको. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, वारा छान, पण अंगावर तुषार येतात आणि चष्मा खारट होतो. नजर हातातल्या फोनवर नको, लांब डोंगरावर.

सोनचाफा
बापरे, किती कामाचं सांगताय सगळे. पण आता माझी अडचण झाली. दत्तजयंती निवडली होती ती चंद्रासाठीही. आईला पौर्णिमेचा चंद्र पाण्यावर बघायचा होता. पौर्णिमा घेतली तर बाबा पायऱ्यांवर, अष्टमी घेतली तर आई अर्ध्या चंद्रावर!

प्रकाशछाया
आईंची निवड अचूक आहे बरं का. पौर्णिमेला सूर्य शहरामागे जातो त्याच सुमारास घारापुरीच्या बाजूने चंद्र वर येतो. बंदराच्या मधोमध बसून दोन्ही बघता येतात. अशी सोय पश्चिमेकडच्या चौपाटीवर नाही.

खडूस_काका
गुडघा सांभाळा. चंद्र पुढच्या महिन्यात परत येतो.

गोदीकर
मधला मार्ग आहे. एकादशी घ्या. अकराचे पाऊण सव्वाआठ. म्हणजे भरती रात्री सव्वाआठला, ओहोटी दुपारी दोनला होऊन गेलेली. तुम्ही ५ ला चढाल तेव्हा पाणी निम्म्यावर आणि चढतं. साडेसहा-सातला उतराल तेव्हा आणखी वर, म्हणजे उतरताना चढतानापेक्षा सोपं. दमलेल्या माणसाला तेच हवं. चंद्र पूर्ण नसेल, पण पूर्वेला चांगला वर आलेला असेल.

सोनचाफा
एकादशीला दोघांचा उपास असतो! बोटीवर भेळ-वडापावचा प्रश्नच मिटला. काका, तुमचे उपकार.

कुरव
भेळेवरून आठवलं. हिवाळ्यात बोटीमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो, ते कुरव. यातले तपकिरी डोक्याचे लडाख, तिबेटकडून येतात. हिवाळ्यात डोकं पांढरं होतं, डोळ्यामागे नुसता एक काळा ठिपका राहतो. लोक त्यांना गाठ्या, वेफर फेकतात. कृपया नका. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं बेसन कशाला? न फेकताही ते येतात, बोटीच्या पंख्याने घुसळून वर आलेली मासळी त्यांना हवी असते. डेकच्या कठड्यापाशी हातभर अंतरावर एकाच जागी तरंगतात, डोळा फिरवून तुमच्याकडे बघतात. गाठ्यांशिवाय बघा, जास्त वेळ दिसतात.

फिरस्ता
मी आजवर पोत्याने गाठ्या टाकल्या असतील. माफी.

मुक्काम_पोस्ट_अलिबाग
आमच्यासारखे नेहमीचे लोक काय करतात ते सांगते. सूर्यास्ताची म्हणून वेगळी बोट घेतच नाही. अलिबागजवळच्या मांडव्याहून संध्याकाळी परतणारी बोट हीच आमची क्रूझ. गुडघेवाल्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, २०२० पासून सुरू आहे. मोठं जहाज, त्यात गाड्या चढतात, त्यामुळे शेवाळाच्या पायऱ्यांची भानगड नाही, हलतेही कमी. फक्त परतीची शेवटची फेरी आधी नक्की करा, नाहीतर मुक्काम पोस्ट मांडवा.

आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी घारापुरीहून शेवटच्या बोटीने परतावं. तासाभराचा प्रवास, सगळा पश्चिमेकडे तोंड करून. सोमवारी लेणी बंद. सोनचाफा, तुमच्या बाबांसाठी हे नाही, लेण्यांपर्यंत १२० च्या आसपास पायऱ्या आहेत.

चिकित्सक_सदाशिव
ताजचा आर्किटेक्ट इमारत उलटी बांधली गेली म्हणून वरून उडी मारून मेला, ती गोष्ट आई-बाबांना जरूर सांगा. बोटीतून बघताना मजा येते.

गोदीकर
सांगू नका, खोटी आहे. ताज १९०३ ला उघडलं, तेव्हा मुख्य दार शहराच्या बाजूला होतं कारण गाड्या-घोडे तिकडून यायचे, आणि समुद्राची बाजू खोल्यांना दिली होती. उलटं काही झालं नव्हतं.

त्यापेक्षा खरं सांगा: ताज आधीचं, गेटवे नंतरचं. पंचम जॉर्ज १९११ ला उतरला त्याच्या स्मरणार्थ म्हणतात, पण तो आला तेव्हा कमान कुठे होती? पायाभरणी १९१३ ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. ज्याच्यासाठी बांधली तो तिच्याखालून आलाच नाही. उद्घाटनानंतर तेवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण तिच्याखालून निघून गेली. बोटीतून कमानीकडे बघताना मला राजाच्या येण्यापेक्षा ते जाणं आठवतं.

चिकित्सक_सदाशिव
मी ही गोष्ट वीस वर्षं पाहुण्यांना सांगतोय.

खडूस_काका
पाहुणे परत येतात का?

अनामिक_प्रवासी
हलक्याफुलक्या धाग्यात विरजण घालत नाही, पण १८ डिसेंबर २०२४ विसरू नये. घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. लोक ते मांडीवर घेऊन बसतात, नाहीतर फोटोपुरतं काढतात. अंगात घालून पट्टे आवळलेले हवेत. बोटीवर प्रवासीसंख्या लिहिलेली असते. डोळ्यांना गर्दी जास्त दिसली तर ती सोडा, पुढची घ्या.

तांडेलाची_लेक
+१. आणि बोट धक्क्याकडे वळली की सगळे एकदम उठून त्या बाजूला येतात. बोट कलते. बसून राहा. उतरायला मिळतंच.

प्रकाशछाया
नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा नको. ड्रोन तर विसराच.

सोनचाफा (बारा दिवसांनी)
वृत्तांत लिहायला उशीर झाला, बाबांना काल गाडीत बसवून आले.

एकादशीलाच गेलो. धक्क्यावर साडेचारला. गोदीकर काका, पाणी तुम्ही म्हणालात तिथेच होतं. खालच्या पायऱ्या बुडालेल्या, वरच्या कोरड्या, मध्ये ओल्या दगडाचा हिरवा पट्टा. बाबांनी आधी उभं राहून पायऱ्या मोजल्या. मग खलाशाचं मनगट धरलं. तो विशीतला मुलगा चकित झाला, म्हणाला, "काका, पहिल्यांदाच येताय ना? मग हे कुणी शिकवलं?" बाबा म्हणाले, "इंटरनेटवर एका तांडेलाच्या मुलीने." "आता" म्हटल्यावर चांगला पाय आत, दुखरा मागून. मी मागे उभी होते, श्वास धरून.

तासाहून जास्त वेळ फिरवणारी बोट निवडली. सुटायची आणि परतायची, दोन्ही वेळा विचारल्या. खालच्या डेकवर मधोमध बसलो. आईने बोट सुटताच पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढून शेजारच्या अनोळखी कुटुंबालाही दिले. तिला काही लागलं नाही. तिच्या शेजारी मलाच थोडं गरगरलं, कारण मी फोनवर व्हिडिओ काढत बसले होते.

सूर्य धुरक्यातच विरघळला, पाण्यापर्यंत कसला, इमारतींपर्यंतही पोचला नाही. वरच्या डेकवरचे लोक "अरेरे" म्हणाले. बाबा शांतपणे म्हणाले, "सूर्य काय, सोलापुरातही मावळतो. ते बघ." ते पाठ करून पूर्वेकडे बघत होते. नांगरलेली जहाजं सगळीच्या सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी होती, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. बाबांना तेच कोडं पडलं होतं. खलाशाने सांगितलं, पाणी आत येतंय म्हणून नाळी बाहेरच्या बाजूला, ओहोटी लागली की सगळी फिरतात. कुणी फिरवावी लागत नाहीत. मग बाबांनी त्याला इतके प्रश्न विचारले की शेवटी तो त्यांच्या शेजारी बसला.

आणि सगळे पश्चिमेला बघत असताना घारापुरीचा डोंगर तांब्याच्या भांड्यासारखा झाला. एक मोठं गंजलेलं जहाज होतं, त्याची आमच्याकडची बाजू नारिंगी पेटलेली. पाच मिनिटं असेल. वर चंद्र होताच, थोडा कमी भरलेला. आई म्हणाली, एवढाच पुरे.

परतताना शहराचे दिवे लागले. ताजचा घुमट कमानीमागून हळूहळू बाजूला सरकला. कुरव होते, फिरस्ता, आम्ही काही फेकलं नाही. एक माझ्याकडे डोळा फिरवून बघत होता, ठिपका दिसला! उतरताना पाणी दोन-तीन पायऱ्या वर आलेलं होतं. बाबांनी परत मोजल्या.

तांडेलाची_लेक
वाचून डोळे भरले. बाबांना वाचून दाखवलं. "मानूस दर्यावर यायला पायजे होता" म्हणाले, तुमच्या बाबांबद्दल.

गोदीकर
जहाजांचं त्यांनी विचारलं हे आवडलं. तीस वर्षांत मला फार थोड्यांनी विचारलं.

नवीन_सभासद
छान धागा. आम्ही जुलैत येणार आहोत, तेव्हा या बोटी असतात का?

मुक्काम_पोस्ट_अलिबाग
पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, गेटवेवरून मांडव्याच्या बोटी तेव्हा बंद असतात. ऑक्टोबर उजाडू द्या. पावसाने हवा धुतलेली असते तेव्हा धुरकंही कमी.

सोनचाफा
एक राहिलं. बाबांनी सोलापुरात कालनिर्णयावर रोजच्या तिथीची पाऊणपट पेन्सिलीने लिहायला घेतली आहे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर. आज सकाळी फोन आला: "आज षष्ठी. साडेचारला भरती. ऑफिसातून लवकर सुटलीस तर बघून ये, आणि जहाजांची तोंडं कुणीकडे होती ते कळव."